अकराची गोळी

इथल्या मराठी मंडळाच्या जेवणात कुणी "तू काय करतेस गं?" असं विचारलं की मी "कॉलेजात आहे" एवढंच सांगते. ते खरंच आहे. नर्सिंगच्या डिग्रीचं शेवटचं वर्ष चालू आहे आणि आमच्या घरात शाळेच्या पुढे गेलेली मी पहिलीच. पण गेली पाच वर्षं मी अर्धवेळ नोकरीही करते, आणि ती नोकरी हातात ताट असताना सांगण्यासारखी नाही. टोरोंटोतल्या एका छातीच्या दवाखान्यासाठी मी घरोघर जाऊन थुंकीच्या आणि लघवीच्या बाटल्या गोळा करते. एका काकूंना हे मी मोकळेपणानं सांगितलं, तेव्हा त्यांनी माझ्या हातातला भाताचा डाव अलगद काढून घेतला. अगदी प्रेमानं.

मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादक काकांचा फोन आला तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. आमच्या घरी दिवाळी नसते. आम्ही पेणजवळचे, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. पण दिवाळी अंक येतो आणि पप्पा तो जाहिरातींसकट वाचतात. काका म्हणाले, निवृत्त डॉक्टर-इंजिनियरांचे लेख दरवर्षी असतात, या वेळी काम चालू असलेल्या माणसाचा हवा. मी म्हटलं, मला जे आठवतं ते गोड नाही. ते म्हणाले, "मग तसंच लिही. गोड फराळ बाकीचे आणतातच."

म्हणून लिहिते आहे. राग आला की माझी वाक्यं लांबतात, असं आमच्या प्रोफेसरबाई म्हणतात. सांभाळून घ्या.

आधी काम सांगते. क्षयाचा, म्हणजे टीबीचा माणूस खोकला की जंतू हवेत जातात आणि त्याच खोलीत राहणाऱ्यांना लागतात. आता यावर चांगली औषधं आहेत. गोळ्या सुरू झाल्या की काही आठवड्यांत माणसापासून इतरांना धोका राहत नाही. पण गोळ्या थांबवायच्या नाहीत. रोज, महिनोन्‌महिने, खोकला गेल्यावरही, वजन वाढल्यावरही घ्यायच्या. मध्येच सोडल्या तर रोग परत येतो आणि या खेपेला औषधाला दाद देत नाही. म्हणजे साथ अडवण्याचं खरं काम डॉक्टर करत नाहीत. ते काम रुग्ण करतो, आपल्या स्वयंपाकघरात, कुणी बघत नसताना. आणि कुणी बघत नसताना तो काय करतो हे बघायला आमच्यासारख्यांना पाठवतात.

माझा भाग शहराच्या पश्चिमेकडचा. तिथल्या उंच बिल्डिंगांमध्ये इक्वेडोर, कोलंबिया आणि चिलीची माणसं राहतात. चिलीत लष्करानं सत्ता घेतली तेव्हापासून तिथले बरेच इकडे आले. बायका कपड्यांच्या कारखान्यांत शिलाई करतात, पुरुष रात्री ऑफिसं झाडतात. एकेका अपार्टमेंटमध्ये सात-आठ जण. टीबीला याहून काय हवं?

मला ही नोकरी मिळाली ती स्पॅनिशमुळे. आम्ही एकोणसत्तर साली आलो तेव्हा शेजारी इक्वेडोरच्या सेन्योरा ब्लांका होत्या. आई आणि त्या लॉन्ड्री रूममध्ये तासन्‌तास बोलायच्या, आई मराठीत आणि त्या स्पॅनिशमध्ये, आणि दोघींचं छान चालायचं. मध्ये दुभाषी मी. मग शाळेत तोच विषय घेतला. मुलाखतीत आमच्या सुपरवायझर मिसेस वॉरन यांनी माझा रंग पाहिला, माझं स्पॅनिश ऐकलं आणि मी तिकडचीच असं धरून चालल्या. सहा महिने त्या मला "तुमच्या लोकांचं" असं काहीबाही सांगत होत्या. ख्रिसमसला चिलीला जाणार का, असं विचारलं तेव्हा मी सांगितलं की मी भारतातली, आणि ज्यू. फॉर्मवर चुकीच्या रकान्यात टिक केल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

गमतीही होत्या. कोलंबियाचे एक आजोबा बाईमाणसासमोर खाकरायला तयार नसत. ते बाटली भरेपर्यंत मी फेब्रुवारीत त्यांच्या बाल्कनीत उभी राहायची आणि झालं की ते काचेवर टकटक करायचे. एका आजीबाईंच्या हातावर चाचणीचं इंजेक्शन दिलेलं. तिथे किती फुगतं ते दोन दिवसांनी मोजायचं असतं. मी गेले तर त्यांनी त्या फुगवट्यावर चेहऱ्याची पावडर थापलेली. डॉक्टरांना असलं लाल-लाल काय दाखवायचं, म्हणाल्या.

गमतीचं नव्हतं तेही होतं. एका बिल्डिंगच्या सुपरिंटेंडेंटनं, म्हणजे तिथली देखभाल पाहणाऱ्यानं, मला लिफ्टमध्ये गाठून कुठल्या नंबरात टीबी आहे ते विचारलं. सांगितलं नाही. त्यानं मी ज्या-ज्या मजल्यावर उतरले तिथल्या स्पॅनिश नावांच्या सगळ्यांना घर सोडण्याच्या नोटिसा दिल्या. दवाखान्याला कळवलं तर उत्तर आलं की घरभाड्याचे विषय आपल्या कक्षेत येत नाहीत.

आता रोसाबाई.

सेन्योरा रोसा चिलीच्या. वय चाळिशीच्या आत, शिवणकाम करायच्या. दोन मुलं, नऊ वर्षांची कार्मेन आणि सहा वर्षांचा धाकटा. नवरा तिकडेच राहिला. राहिला म्हणजे काय झालं, ते त्या सांगत नसत आणि मी विचारत नसे. टीबी निघाला तेव्हा दीड महिना हॉस्पिटलात होत्या. मुलं तेवढे दिवस समोरच्या बिऱ्हाडात राहिली. थुंकी स्वच्छ आल्यावर घरी सोडलं आणि माझ्या यादीत त्यांचं नाव आलं.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला 'मिहिता' म्हटलं, म्हणजे 'पोरी', आणि चहा विचारला. रुग्णाच्या घरी पाणीही प्यायचं नाही असा आमचा नियम. मी नको म्हटलं, आणि पुढे दर वेळी नकोच म्हणत गेले. गोळ्या मोजल्या, बरोबर निघाल्या. फॉर्मवर एक प्रश्न होता, औषध कधी घेता? तो मी विचारला. त्या म्हणाल्या, "आ ला ओन्से. रोज, न चुकता."

इथे थोडं भाषेचं सांगायला हवं, कारण सगळं त्यात आहे. ओन्से म्हणजे अकरा. अकरा वाजता म्हणायचं तर 'आ लास ओन्से' म्हणतात. रोसाबाई 'लास' म्हणाल्या नाहीत, 'ला' म्हणाल्या. पण चिलीचे लोक शब्दाच्या शेवटचा 'स' गिळतात, हे मला सेन्योरा ब्लांकांनी शिकवलं होतं, आणि त्याची मला ऐट होती. गिळलेला 'स' मी मनातल्या मनात परत बसवला आणि फॉर्मवर लिहिलं: रोज सकाळी अकरा.

रोसाबाईंच्या औषधांत एक लाल कॅप्सूल होती. ती घेतली की तासा-दोन तासांत लघवी केशरी होते. काही तास तशी राहते, मग रंग उतरतो. हे रुग्णाला हॉस्पिटलातच सांगतात, घाबरू नका म्हणून. पण त्याच रंगावरून आम्ही गोळी घेतली की नाही ते ओळखतो, हे मात्र सांगत नाहीत. सांगायचं नाही, असा स्पष्ट आदेश होता. कळलं तर लोक फसवतील, असं मिसेस वॉरनचं म्हणणं. तेव्हा मलाही ते हुशारीचं वाटलं होतं. आज वाटतं, ज्या माणसावर सगळं अवलंबून आहे त्याच्याशीच लपंडाव खेळणारं हे कसलं काम?

अकराला गोळी, म्हणून मला दुपारी एकला पाठवू लागले. बाटली घेतली. फॉर्मवर लिहिलं, रंग फिकट. पंधरा दिवसांनी पुन्हा फिकट. गोळ्या मात्र मोजून बरोबर. मिसेस वॉरन म्हणाल्या, टॉयलेटमध्ये टाकत असेल. मी रोसाबाईंना पुन्हा विचारलं, नक्की घेता ना? त्या हसल्या. "आ ला ओन्से, मिहिता. मी कधी चुकत नाही." तिसऱ्यांदाही फिकट. तेही मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे. घरात सगळे फॉर्म मीच भरते, पप्पांच्या नोकरीचे, आईच्या हॉस्पिटलचे. कागद नीट भरला की आपलं कुणी काही बिघडवू शकत नाही, अशी माझी लहानपणापासूनची समजूत होती.

तीन फिकट म्हटल्यावर फाइल वरच्या डॉक्टरांकडे गेली. ते आपल्यातलेच. नाव लिहीत नाही, पण हा अंक त्यांच्याकडे जातो, तेव्हा ते वाचतील. वाचावं, असं मला वाटतं. त्यांनी फॉर्म पाहिले आणि शेरा लिहिला: असहकार. या शब्दाला आमच्याकडे ताकद आहे. त्यावर सही झाली की माणसाला इच्छेविरुद्ध हॉस्पिटलात ठेवता येतं, आणि त्याच्या मुलांची व्यवस्था सरकार करतं. आदेश निघाला. शुक्रवारी दुपारी न्यायचं ठरलं. दुभाषी म्हणून मी सोबत जायचं आणि तोवर रुग्णाला काही कळू द्यायचं नाही.

गुरुवारी संध्याकाळी कॉलेजातून सुटल्यावर मी घरची बस न घेता त्यांच्याकडे गेले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. नियम मोडायचा की नाही हेसुद्धा ठरवलं नव्हतं. या कामासाठी मी कधी पाचनंतर कुणाकडे गेलेच नव्हते. दवाखाना पाचला बंद होतो.

साडेपाच झाले असतील. दार कार्मेननं उघडलं. टेबलावर चहाची किटली, पाव, चीज, कुस्करलेला अ‍ॅव्होकाडो. मुलं हात धुऊन बसत होती. रोसाबाई खूश झाल्या, म्हणाल्या, अखेर ओन्सेला आलीस, बस.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. विचारलं, कशाला आले?

"ओन्सेला," कार्मेन म्हणाली. आणि मला समजलं नाही असं पाहून इंग्रजीत म्हणाली, "संध्याकाळचा चहा. तुमच्याकडे नसतो?"

चिलीत संध्याकाळच्या चहा-पावाला ओन्से म्हणतात. 'आ ला ओन्से' म्हणजे त्या चहाच्या वेळी, गिळलेला 'स' त्यात नव्हताच. पाच वाजताच्या चहाला अकरा का म्हणायचं, असं मी विचारलं तर रोसाबाई हसून म्हणाल्या, कुणालाच माहीत नाही. इक्वेडोरच्या सेन्योरा ब्लांकांकडे असला चहा नव्हता, म्हणून मला शिकवणार कोण?

त्यांच्या बशीच्या काठावर चार गोळ्या मांडलेल्या होत्या, त्यात ती लाल कॅप्सूल. एकेक घोटाबरोबर त्यांनी चारही घेतल्या. मग गोळ्यांची बाटली माझ्यापुढे धरून लेबलावर बोट ठेवलं. त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं, टेक वन्स डेली. दिवसातून एकदा घ्या. पण इंग्रजीतलं 'वन्स' आणि स्पॅनिशमधलं 'ओन्से' यांचं स्पेलिंग एकच. 'टेक' म्हणजे घेणे, एवढं इंग्रजी त्या कारखान्यात शिकल्या होत्या, आणि चिलीत चहा 'घेतात', आपल्यासारखाच. तेव्हा त्यांनी वाचलं ते असं: रोज ओन्से घ्या.

"पहिल्या दिवशी हे वाचलं आणि मला रडू आलं," त्या म्हणाल्या. "म्हटलं, या लोकांना आमची ओन्से माहीत आहे. आमच्यासाठी मुद्दाम लिहिलंय."

आणि मी त्याच 'लोकां'च्या दवाखान्याची नोकर. मी फक्त विचारलं की नंतर लघवीला रंग येतो का. त्या म्हणाल्या, रात्री येतो, गाजरासारखा, सकाळपर्यंत जातो. पण मिहिता, तू तर दुपारी येतेस.

दीड तास बसून मी त्यांच्याकडून बाटली घेतली. केशरी. उद्या सकाळी हे सगळं मिटेल, अशी माझी इतकी खात्री होती की आदेशाचं मी त्यांना सांगितलंच नाही. उगाच घाबरवायचं कशाला? चूक कळली आहे, कागद बदलेल. ही माझी दुसरी चूक, आणि पहिलीपेक्षा मोठी. तेव्हाच सांगितलं असतं तर निदान मुलांची काही सोय त्यांनी स्वतः केली असती.

शुक्रवारी सकाळी आठला मी बाटली घेऊन डॉक्टरांच्या दारात उभी. सगळं सांगितलं, मराठीत, म्हणजे नीट सांगता येईल म्हणून.

"तुझ्या फॉर्मवर अकरा लिहिलंय," ते म्हणाले.

"ते मी चुकीचं लिहिलं, सर."

त्यांनी चष्मा काढला. "एस्तेर, काल एक लिहितेस, आज दुसरं सांगतेस. मी कशावर चालू? आणि ही बाटली तू समोर बसून घेतलीस. त्यावरून ती रोज घेते हे कळतं का?"

हे त्यांचं बरोबर होतं. मी म्हटलं, मग आज संध्याकाळी कुणालाही पाठवा, उद्या पाठवा, न कळवता पाठवा.

"पाचनंतर कोण जाणार?"

"मी जाते."

"तूच?" ते हसले. वाईट हसले नाहीत, दमल्यासारखे हसले. "अगं, नेलं तर नुकसान काय आहे तिचं? गरम खोली, तीन वेळा जेवण, गोळ्या. आपल्याकडे सॅनेटोरियममध्ये खाट मिळावी म्हणून लोक वशिले लावायचे. थुंकीच्या कल्चरचा रिपोर्ट यायचाय. तो स्वच्छ आला की सोडू."

मी मुलांचं काढलं. ते म्हणाले, इथे मुलांची उत्तम सोय होते, तू काळजी करू नकोस. मग फोन वाजला.

त्या दुपारी दारात मी, मिसेस वॉरन आणि सरकारी माणूस असे तिघं होतो. रोसाबाईंनी मला पाहून आधी हसून दार उघडलं, मग मागच्या दोघांना पाहिलं. कागद मी वाचून दाखवला. असहकार या शब्दासाठी मी शब्द शोधत होते तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "काल तू पाहिलंस ना?"

"पाहिलं."

"त्यांना सांगितलं नाहीस?"

"सांगितलं."

"मग?"

मी कागदाची पुढची ओळ वाचायला घेतली.

त्यांनी आरडाओरडा केला नाही. मुलांना समोरच्या बिऱ्हाडात राहू द्या, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या, आणि मी ते पुन्हा पुन्हा इंग्रजीत सांगत राहिले. सरकारी माणूस म्हणाला, या खेपेला आदेश आहे, तेव्हा शेजाऱ्यांच्या छातीचे नवे फोटो लागतील आणि त्यांचं नाव मुलं सांभाळणाऱ्यांच्या सरकारी यादीत आधीच असायला हवं. मुलांना शाळेतूनच परस्पर नेलं. टोरोंटोबाहेर, व्हिटबीला, एका कुटुंबाकडे. चांगली माणसं होती म्हणे. स्पॅनिशचा एक शब्द त्यांना येत नव्हता. रोसाबाईंनी पिशवीत काय भरलं ते मी पाहिलं. एक स्वेटर, मुलांचा फोटो आणि गोळ्यांची बाटली. बाटली मिसेस वॉरननी काढून घेतली, तिकडे नवी मिळेल म्हणून.

कल्चरचा, म्हणजे थुंकीत जंतू वाढतात का ते पाहण्याचा, रिपोर्ट जवळजवळ तीन आठवड्यांनी आला. स्वच्छ. म्हणजे घरी असताना औषध त्या बाईच्या पोटात जातच होतं. तिला सोडलं. पत्र आलं, त्यात लिहिलं होतं की आदेशाची मुदत संपली आहे. चूक, माफी, खेद, यांतला एकही शब्द त्या कागदावर नव्हता. मुलं आली. धाकटा आईशी इंग्रजीत बोलायला लागला होता, आणि कुणी दार वाजवलं की वॉशरूममध्ये जाऊन कडी लावून बसायचा.

मी घरी सांगितलं तेव्हा आई रडली. पप्पा ब्रॅम्पटनच्या एका गोदामात माल चढवतात. शाळा चौथीपर्यंत झाली आहे. त्यांनी सगळं पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग म्हणाले, "कागद तुझ्या हातचा होता ना? मग दुसराही तूच लिही."

मी दोन पानं लिहिली. 'ला' आणि 'लास', चहा, लेबल, केशरी रंग, माझी चूक, आणि गुरुवारी संध्याकाळी मी जे पाहिलं ते. खाली सही केली. मिसेस वॉरनना म्हटलं, हे फाइलीत घाला आणि तो असहकार शब्द खोडा. आणि लेबलं स्पॅनिशमध्ये छापा. कुणी त्या 'वन्स'चा अर्थ अकरा असा लावून अकरा गोळ्या घेतल्या तर माणूस मरेल. त्यांनी पानं घेतली. म्हणाल्या, फाइलीत काही घालता येतं, काढता येत नाही. लेबलांचं वर कळवते. त्या गोष्टीला दोन वर्षं होऊन गेली. लेबलं अजून इंग्रजीत आहेत. स्पॅनिश वस्त्यांत मी स्वतः बॉलपेननं लिहिते, 'दिवसातून एकदा', त्यांच्या भाषेत. त्यावरून मला एकदा समज मिळाली आहे, औषधाच्या लेबलावर परवानगीशिवाय लिहिल्याबद्दल.

मंडळाच्या मागच्या कार्यक्रमात ते डॉक्टर भेटले. हातात श्रीखंडाची वाटी होती. त्यांनीच विषय काढला. "त्या बाईचं झालं ना सगळं ठीक?"

मी म्हटलं, ठीक कसं?

"बरी झाली ना?" ते म्हणाले. "मग झालं तर. तू फार मनाला लावून घेतेस. या लोकांना सवय असते."

तिथे मला बोलता आलं नाही. वयानं मोठे, चार लोक आजूबाजूला, आणि मला वेळेवर शब्द सुचत नाहीत. म्हणून इथे लिहिते. सर, सवय असते म्हणजे काय? वर्दीतल्या माणसांनी दारात येऊन कागद वाचायचा आणि घरातलं माणूस न्यायचं, याची त्यांना सवय होती हे खरं आहे. तिथून पळून त्या तुमच्या-माझ्या देशात आल्या. त्यांनी औषध तुमच्या लेबलावर लिहिलं होतं तसं घेतलं, माणसाला शक्य आहे तेवढ्या निष्ठेनं घेतलं, आणि त्या निष्ठेनंच ही साथ अडते, तुमच्या सहीनं नाही. कल्चरचा रिपोर्ट ठेवायला फाइलीत जागा होती. त्यांच्या शब्दाला नव्हती. आपणही छातीचा फोटो काढून, कागद दाखवूनच इथे आलो. आपल्यालाही इमिग्रेशनच्या खिडकीत कुणीतरी 'हे लोक' म्हटलं असेल. मग हा शब्द आपल्या तोंडात इतक्या लवकर कसा येतो?

आणि मी काही वेगळी नाही. तीनदा 'फिकट' लिहिणारा हात माझाच.

रोसाबाई सुटून आल्यावर मी त्यांच्याकडे गेले ती माफी मागायला. स्पॅनिशमध्ये पाठ करून गेले होते. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग खुर्ची दिली. दुपारची वेळ होती, मुलं शाळेत. टेबलावर गोळ्यांची बाटली दिसेना म्हणून मी विचारलं.

त्यांनी मला आतल्या खोलीत नेलं. पलंगाशेजारी बाटली होती आणि शेजारी गजराचं घड्याळ.

"आता सकाळी अकराला घेते," त्या म्हणाल्या. "तू लिहिलं होतंस ना, अकरा. तसंच करते."

मी म्हटलं, नका करू. संध्याकाळी घेतलेलं चालतं, मी लिहून दिलं आहे, चूक माझी होती.

"नाही, मिहिता. तुमचा कागद खोटा पडला की आमच्या दारात माणसं येतात. मी कागद खरा केला." आणि घड्याळ उचलून त्यांनी ते बरोबर चालतंय ना ते कानाशी धरून पाहिलं.

त्यानंतर कोर्स संपेपर्यंत मी दुपारी एकला बाटली घेऊन येत राहिले. रंग दर वेळी केशरी. तो मी लिहीत गेले. शेवटच्या फॉर्मवर शेऱ्याच्या रकान्यात मिसेस वॉरननी स्वतःच्या हातानं दोन शब्द लिहिले आणि फाइल बंद केली: वागणूक सुधारली.